टोमॅटोच्या मुळांना आलेल्या गाठी

दादा,

एवढा भटकलो, पण तुला कधी दोन ओळी टाकल्या नाहीत. मागच्या महिन्यात ज्या ट्रकनं घरी आलो त्याचा ड्रायव्हर झोप येऊ नये म्हणून मिरच्या चावायचा. ते असू दे.

आपले टोमॅटो पाणी देऊनही दुपारी माना टाकतात. मी एक झाड उपटलं, तर मुळं नुसती गाठाळलेली. आप्पांचा चेहरा फुलला. त्यांनी जन्मभर भुईमूग केला, आणि भुईमुगाच्या मुळावर गाठी म्हणजे जमीन कसदार. म्हणाले, "टोमॅटोनंही गाठी धरल्या बघ. आता दादाला नोकरी सोडून शेतीला बोलावून घेऊ."

मी ते मूळ रोपवाटिकेतल्या बाईंना दाखवलं. त्यांनी गाठ नखानं फोडली. "सूत्रकृमी आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मुळात घर करून झाडाला पाणी पिऊ देत नाहीत. या रानात काही वर्षं टोमॅटोचं नाव काढू नका."

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "तू कधी एका जागी टिकलास? तुला मुळांचं काय कळतंय?" आईला हसू आलं, मलाही आलं. ते मात्र विहिरीच्या तळाचं पाणी बादल्यांनी त्याच झाडांना घालत राहिले.

फोनवर बोलायचं तर आप्पा शेजारीच असतात, म्हणून लिहायला बसलो. नोकरी सोडू नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण आत्ताच आई सांगून गेली की आप्पांनी तुला आधीच फोन केला होता, आणि तू राजीनामा दिलास, खोली रिकामी केलीस आणि सामानासकट गाडीत बसलासही. आता हे कुठल्या पत्त्यावर टाकू?

तुझाच,
धाकटा