मालनचा उजवा कान

मिरजोळे, ४ सप्टेंबर १९८६

ती. विमलताईस, आत्मारामचा शि. सा. नमस्कार.

मालन काल एस्टीने तिच्या मामाकडे मुंबईला गेली. तुमच्या लॅबमध्ये तिच्या कानातल्या पुवाची तपासणी कर. तीन वर्षं उजवा कान वाहतोय. परवा त्या बाजूने हाक मारली, तिला पत्ताच नाही. जीव तुटला गो.

तो गंगाराम डॉक्टर नुसता कापूस फिरवून थेंब घालतो. वर तिच्या वडिलांना सांगितलंन्, कान सुकेपर्यंत लग्नाचं काढू नका. माझ्यासारखा कॉलेज अर्धवट सोडलेला जावई त्यांना नकोच होता, आयतं निमित्त मिळालं.

रिपोर्ट शिक्क्यासकट धाड. त्याच्या दवाखान्याच्या दारावर डकवतो आणि भर पेशंटांत त्यालाच वाचायला लावतो. पुन्हा कुणाच्या कानाला हात लावायची हिंमत होता नये. मला शहाणपण शिकवू नकोस.

भाऊजींना नमस्कार. भावाची आठवण असू दे.

तुझा आत्माराम

मुंबई, १३ सप्टेंबर १९८६

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट सोबत आहे, डकव खुशाल. पुवात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढले. तबकडीत सहा औषधांच्या चकत्या ठेवल्या. फक्त जेंटामायसिनभोवती जंतू मेले. अँपिसिलिनला ते मुळीच दाद देत नाहीत.

आता ऐक. गंगाराम डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ही तपासणी सांगितली होती. मालन म्हणाली, ते अंग झटकताहेत म्हणून तू चिठ्ठी फाडलीस आणि तुझ्या कंपनीच्या दवाखान्यातून अँपिसिलिनच्या कॅप्सूल आणून दिल्यास. दोन दिवस घ्यायच्या, कान सुकला की बंद. असं सात वेळा. लेचेपेचे जंतू मेले, हे माजले. डॉक्टरांपासून तिने हे लपवलं, तुझ्यासाठी. आता सगळं त्यांना सांग. पुढचे उपचार तेच करणार आहेत.

जेवणखाण वेळेवर कर. रागावले तरी ताईच आहे.

विमल

मिरजोळे, २४ सप्टेंबर १९८६

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

आधी तुझ्यावरच भडकलो. कंपनीच्या डॉक्टरला धरावं, असंही मनात आलं. पण खोटा ताप सांगून कॅप्सूल मीच आणल्या होत्या.

मालन परत आली, त्या सकाळीच दवाखान्यात गेलो. तिचे वडीलही होते. सगळं ओकलो. गंगाराम डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे कॅप्सूलची प्रत्येक खेप केसपेपरवर लिहीत गेले. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, “तिला बरी करत होतास की डॉक्टरला हरवत होतास?”

मालन समोरच्या बाकावर होती. मी तिची माफी मागायला लागलो तशी तिने मान फिरवली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

तू तरी ऐकत राहा.

आत्माराम