अंगणाचं उत्तर

आई,

तुझा फोन वाजतोय आणि मी तो न उचलता हे खरडत बसलोय. पोस्टात टाकणार नाही.

वॉर्सातल्या आपल्या इमारतीत आता तू एकटीच उरलीस. नव्या मालकाने पाणी तोडलं, जिन्याच्या खिडक्या काढून नेल्या. तरी मे हा मरियामातेचा महिना म्हणून तू रोज संध्याकाळी अंगणातल्या तिच्या मूर्तीपुढे उभी राहतेस. तू तिचं एकेक नाव घ्यायचं आणि सगळ्या अंगणाने "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं. अंगणात आता कुणी नाही, म्हणून नॉर्वेतल्या मासळीच्या कारखान्यातून ते मी फोनवर म्हणतो.

काल किंगाताई म्हणाली, "तू उत्तर देतोस म्हणून ती हलत नाही. महापालिकेने तिला दिलेली खोली तयार आहे. फोन उचलू नकोस, मग बघ."

"तूच सांग की तिला."

"सांगितलं. म्हणाली, बेसूर माणसांनी मध्ये बोलू नये."

मला हसू आलं, पण ताईचं चुकत नाही. छत कोसळलं तर मी इथून काय करणार?

फोन थांबला. मग तुझा रेकॉर्ड केलेला निरोप आला. "कामात असशील, बाळा. मी सुरू करते." तू "पहाटेच्या तारके" म्हणालीस आणि माझ्या उत्तरापुरती गप्प राहिलीस. मग "सोन्याच्या घरा", आणि पुन्हा तेवढीच गप्प.

म्हणजे मी उत्तर दिलं नाही तरी तू तिथून हलणार नाहीस. मग एकटी कशाला? थांब, फोन लावतो.

ब्वाझेय