काजं, बटणं आणि रोजचे दहा शब्द

तीर्थस्वरूप दादांना,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? वहिनींचा खोकला उतरला का? (उतरला नसेल तर मी विचारल्याचं सांगू नका, दर पत्रात खोकलाच विचारतो म्हणून त्या रागावतात.) तुमच्या पुतणीला बँकेत नोकरी लागली हे तिने फोनवर कळवलंच आहे. पण ती कशी लागली हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो.

पोरगी गणितात पक्की, पण बँकेच्या परीक्षेत इंग्रजीत दोनदा घसरली. दोन्ही वेळा एकेका गुणाने. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे यंदाची परीक्षा शेवटचीच. क्लासच्या सरांनी सांगितलं, रोज दहा नवे शब्द पाठ करा आणि घरात कोणीतरी विचारणारं बघा. विचारणारा कोण, तर मी. सातवी शिकलेला शिंपी! तिने वहीत इंग्रजी शब्द लिहिले, शेजारी आपल्या अक्षरांत उच्चार, त्यापुढे अर्थ. मी वही मशीनवर उघडी ठेवून शिवता शिवता विचारायचो, ती समोरच्या स्टुलावरून उत्तरं द्यायची, आणि ही आतल्या पायरीवर काजं-बटणं करत ऐकायची.

इथवर ठीक होतं. पण दादा, शब्द पोरीच्या डोक्यात जायच्या आधी माझ्याच डोक्यात शिरायला लागले. (तुम्ही आयुष्यभर कचेरीत इंग्रजी टाइप केलंत, तुम्हाला कधी असं झालं का?) 'लिंगर' म्हणजे रेंगाळणं. एका दुपारी हा शब्द विचारला आणि तो जाईचना. खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना मुळीच घाई नव्हती. मला वाटलं, हेच ते लिंगर. पाय आपला पायडल मारत राहिला, मशीन कुठेतरी लांब, नदीपलीकडे वाजावं तसं वाजत होतं. भानावर आलो तर एका पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून झालेले. ही पायरीवरूनच म्हणाली, "छान. झगा झाला."

त्यानंतर आला 'अँबिडेक्स्ट्रस', म्हणजे दोन्ही हातांनी सारखंच काम करणारा. तीन दिवस मी त्या माणसाचाच विचार करत होतो. एका हातात खडू, दुसऱ्यात कात्री, कसली घाई नाही, कसली अदलाबदल नाही... या तंद्रीत वकीलसाहेबांच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्यांनी कोट चढवला, उजवा हात उचलला, तो अर्ध्यात अडकला.

"हे काय आहे?"

"अँबिडेक्स्ट्रस, साहेब." तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी आरशात दोन्ही बाह्या निरखल्या. मग म्हणाले, "तो माणूस असतो हो, कोट नसतो. उद्या सकाळी मला कोर्टात उभं राहायचंय." संध्याकाळच्या आत उसवून नवी बाही कापली. कापड जेमतेम पुरलं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि पोरीने वहीच मिटली. म्हणाली, "बाबा, पुरे. शब्द बघितला की ते दोन निकालच आठवतात. नापासच होणारे मी." स्टुलावर येऊन बसायचीही थांबली. मी वहीला हात लावला नाही. पण तोंडाला सवय लागलेली, टाके घालताना आपसूक पुटपुटायचो, "रिलक्टंट... रिलक्टंट..." तिसऱ्या दिवशी आतून, भांड्यांच्या आवाजातून पोरीचं उत्तर आलं, "नाखूश!" मी मान वर केली नाही. (खिडकीत पक्षी येऊन बसला की आपण श्वास धरतो ना, तसं.) थोड्या वेळाने दुसरा शब्द पुटपुटलो. पुन्हा उत्तर आलं. असं एकमेकांकडे न बघता आम्ही अख्खी वही संपवली.

आणि परीक्षा देऊन आल्यावर ती काय म्हणाली? वहीतला एकच शब्द आला होता, आणि तोही चुकला!

"मग बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं शांतपणे वाचलं, बाबा. या वेळी भीतीच वाटली नाही."

निकाल लागला, हवे होते त्याहून दोन गुण जास्त. हिने सुई उशीत खोचली आणि पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी गिऱ्हाईक आल्यासारखं करून दारात जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. सोमवारी पोरगी लांबच्या शाखेत रुजू झाली. डोक्यातली इंग्रजीची कटकट एकदाची संपली, शिवण पुन्हा सरळ चालते आहे. काळजी नसावी.

तुमचा,
धाकटा

ता.क. कटकट संपली असं वर लिहिलंय, ते खरं नाही. वही पोरगी सोबत घेऊन गेली. दुपारी दुकान फार शांत असतं. तुम्ही आठवड्याला दहा शब्द टाइप करून पाठवाल का? शेजारी उच्चार तेवढा द्या. अर्थ लिहू नका; तो मी मनाशी धरून बघेन आणि पुढच्या पत्रात कळवेन. पोरीला मात्र यातलं काही बोलू नका, उगाच रजा काढून येईल.

आणखी एक ता.क. हे पत्र हिने वाचलं. म्हणते, दहा नको, बारा मागवा. दोन तिचे. सोपे नकोत.