शेठच्या गाडीतला थंडावा

घाटकोपर,
मंगळवार, ता. ९ मे १९७२

मनोरी मुक्कामी आदरणीय लहूदादा यांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे गुणाजीचा, हात जोडून नमस्कार. वहिनींचे गुडघे आणि तुमचा खोकला आता बरे असावेत. इकडे मथुरा ठीक आहे. माझं विचाराल तर माझी वाट लागली आहे.

मी चालवतो ती शेठची परदेशी गाडी तुम्ही पाहिलीच आहे (आमच्या खोलीपेक्षा ऐसपैस). तिच्यात थंड हवेचं यंत्र आहे, पण मे महिना लागल्याशिवाय शेठ ते लावत नाहीत. परवा लावलं, तर भजी तळताना तोंडावर येते तसली हवा आली. शुक्रवारी शेठच्या विहीणबाई भुजहून येणार आणि त्यांना घाम मुळीच खपत नाही. आधीच्या ड्रायव्हरला शेठनी हॉर्न मोठा वाजवला म्हणून काढलं होतं. माझी नोकरी गेली तर गॅरेजवरची ही खोलीही जाणार. त्या भीतीने मी बोलून बसलो की गॅस गेला असेल, मी घरीच भरतो, पूर्वी बर्फाच्या कारखान्यात होतो. (होतो खरा, पण लाद्या उचलायला.)

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या नंदकिशोरने गॅसचं नळकांडं दिलं आणि नीट समजावलं. आधी साबणाचं पाणी लावून नळ्या कुठे गळतात का बघायचं, मग इंजिन चालू ठेवून गॅस सोडायचा. नळीवर इवलीशी काच असते, तिच्यात फेस दिसतो. फेस गेला की गॅस भरला. मी काही कसर ठेवली नाही. मथुराची साबणाची अख्खी वडी कालवून सगळ्या यंत्राला न्हाऊ घातलं, काचेसकट. मग गॅस सोडला. काचेवर फेस. आणखी सोडला, फेस तसाच. गल्ली गोळा झाली. शेजारच्या सखुबाईंनी नारळ फोडायला सांगितला, तोही फोडला. शेवटी नळीच फटकन निसटली आणि गाडीतला व नळकांड्यातला सगळा गॅस माझ्या अंगावर आला. भर मे महिन्यात माझ्या मिशांवर बर्फ धरला, दादा. त्या दुपारी थंड झालेली ती एकच गोष्ट.

नंदकिशोर आला, त्याने अंगठ्याने काच पुसली आणि फेस गेला. मी मटकन खाली बसलो. रडलो म्हटलंत तरी चालेल. गॅस पुन्हा भरून द्यायला तो तयार आहे (दया आली असावी). पण मग तो वाकून यंत्राकडे बघत राहिला आणि असं काही बोलला की तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

घरातल्या थोरांच्या पाया पडतो, पोरांना पापे.

आपला,
गुणाजी

ता.क. तो म्हणाला, "गॅस भरून काय फायदा, गुणाजी? हे यंत्र फिरवणारा पट्टाच नाहीये ना इथे." दादा, शिमग्याला तुमच्या होडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला, तेव्हा 'शेठला काय कळतंय' म्हणत मी दुसरा कुठून काढून दिला, ते तुम्हाला आठवत असेल. मला ते आज आठवलं. पत्र पोस्टात न टाकता माणसाच्या हाती का धाडलं, ते आता ध्यानात आलं असेल. पट्टा गुरुवारपर्यंत परत हवा.

ता.क. २. शेठना मी सांगितलंय की एक भाग अमेरिकेहून मागवलाय. ते जन्माचे शाकाहारी. तेव्हा पट्टा रॉकेलने पुसून, दिवसभर उन्हात टांगून मगच पाठवा. अमेरिकेहून आलेल्या भागाला बोंबलाचा वास येऊन चालणार नाही.