मागच्या सीटचा चौतीस वर्षांचा अनुभव

६ जानेवारी, सकाळ
सुशीलचा हैदराबादहून फोन. ह्यांची मोटरसायकल विकायचं ठरलं आहे. ठरवलं त्यानं, मला फक्त कळवलं. हे जाऊन दीड वर्ष झालं, गाडी पोर्चमध्ये नुसती उभी राहून खराब होतेय, म्हणाला. मीही दीड वर्ष पोर्चमध्येच बसून आहे, माझं काय करायचं ठरलंय, असं विचारलं. त्याला दुसरा कॉल आला.

गिऱ्हाईक चिंधूभाऊ. ह्यांचे ब्लास्ट फर्नेसवरचे जोडीदार, राहणार खुर्सीपार. त्यांच्या सुनेला, मोनाला, कुम्हारीच्या कारखान्यात जायला गाडी हवी आहे. बस आहे की. बसनं लोक जातातच.

दुपारी मीच सुशीलला फोन केला. गाडी मी चालवणार. तो हसला. शेवटी अट घातली: फेब्रुवारीअखेर लायसन्स आणलंस तर गाडी तुझी, नाहीतर चिंधूकाकांची. मान्य केलं. आईला अटी घालणारा मुलगा मीच वाढवला, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार.

७ जानेवारी
माझी पात्रता, उगाच नंतर कोणी विचारायला नको म्हणून. स्टील प्लांटच्या सेफ्टी ऑफिसात एकोणतीस वर्षं. दर सेफ्टी वीकला भाषण माझं. ह्यांच्या मागे चौतीस वर्षं. हँडल ह्यांच्या हातात असे, गाडी मी चालवत असे. "हॉर्न", "डावीकडे गाय", "ब्रेक", सगळं मागून. चौतीस वर्षांत एक अपघात नाही. याचं श्रेय कोणी मला दिलेलं नाही.

आणि हेल्मेट. प्लांटच्या कॉलनीतला सगळा सेक्टर हेल्मेट हँडलला लटकवून फिरायचा तेव्हा हे तोंडासकट झाकणारं, पूर्ण हेल्मेट घालायचे. भाजी आणायला जातानासुद्धा. मी एकदाच सांगितलं होतं. बाकी कोणतीही गोष्ट ह्यांना दहादा सांगावी लागे, हेल्मेट नाही. प्रत्येक भाषणात मी हे उदाहरण देत असे. नवऱ्याला वळण लावलं की लागतं, हे माझं वाक्य होतं. टाळ्या पडत.

१० जानेवारी
लर्निंगची परीक्षा कॉम्प्युटरवर. पंधरापैकी पंधरा. शेजारच्या मुलाला नऊ. त्याला 'नो पार्किंग'ची खूण कळत नव्हती आणि तो गेली चार वर्षं गाडी चालवतोय. अर्धं काम झालं.

बुटांची नाडी आत खोचायची, ओढणी नको, पदर नको, हातमोजे पूर्ण बोटांचे. ट्रॅकसूट आणला. आरशात पाहिलं नाही.

१६ जानेवारी
जुनवानीच्या मैदानावर क्लास, ह्यांच्याच गाडीवर. शिकवणारी ऐश्वर्या, वय सव्वीस, फक्त बायकांना शिकवते. तिला माझा अनुभव सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि इंजिन बंद ठेवून गाडी मैदानभर ढकलायला लावली. एक तास. गाडीचं वजन अंगाला कळायला हवं म्हणे. आंटी, पहले गाडीशी दोस्ती करायची. मी सांगितलं, या गाडीशी माझी ओळख तुझ्या जन्माआधीची आहे. गाडी खरं तर अठरा वर्षांचीच आहे, पण मुद्दा तो नव्हता.

क्लासला मोनाही आहे. चिंधूभाऊंची सून. नमस्कार वगैरे केला. माझी गाडी शिकायला माझ्याच क्लासला येते. लाज असावी.

१९ जानेवारी
क्लच हळू सोडायचा, अंगठ्याएवढं अंतर, गाडी थरथरली की तिथेच थांबवायचा. मी तसंच करते. गाडी बंद पडते. तेवीस वेळा. क्लचची केबल जुनी आहे हे उघड आहे.

मोना त्याच गाडीवर बसली आणि गेली. तिचा हात जड आहे, त्यामुळे तिला जुनी केबल चालते.

२० जानेवारी
केबल बदलली.

२१ जानेवारी
आज हवा दमट होती.

२७ जानेवारी
गाडी चालली. साधारण चाळीस फूट, मग कडुनिंबाच्या पारापाशी थांबली. पाराला टेकून. कालही पारच, परवाही. मैदान एवढं मोठं आणि पार एकच.

ऐश्वर्या म्हणते मी उजवीकडे कलते. आणि जिथे बघाल तिथे गाडी जाते, तुम्ही पाराकडेच बघता. पार येतोय का हे बघायला नको का?

मग तिनं विचारलं, "आंटी, अंकलच्या मागं तुम्ही एक साइडनंच बसत होत्या ना?"

साडीत दुसरं कसं बसणार. दोन्ही पाय डावीकडे, साडी गार्डवर. तर ती म्हणाली, बस, इसी वजहसे. चौतीस वर्षं तुमचं अंग उजवीकडे तोल घेत होतं, आता ते सुटत नाही. म्हणजे माझा अनुभवच माझा दोष. सव्वीस वर्षांच्या मुलीनं हे शोधून काढलं. तिला म्हटलं, तुझी फी उजवीकडे कलली तर चालेल का. हसली. या मुलींना काही बोललेलं लागतच नाही.

३ फेब्रुवारी
पडले नाही. गाडी आडवी ठेवली. मग मी तिच्यासोबत गेले.

गुडघा सुजला. पुढचा ब्रेक एकदम दाबला, तोही हँडल वळलेलं असताना. हे करू नये असं मीच प्लांटच्या सेफ्टी पुस्तिकेत नवव्या पानावर लिहिलं आहे. पण मध्ये कुत्रं आलं. कुत्रं कोणी पाहिलं नाही, कारण कोणाचं लक्षच नसतं.

मोनानं उठवलं. काकू, हळू, म्हणाली. हळूच होते.

१२ फेब्रुवारी
मोना गाडीनं टेस्टमधला आठचा आकडा काढते. तेही पाय न टेकवता. तिला पहाटे साडेपाचला घरून निघावं लागतं, दोन बस बदलून कुम्हारी, एक बस चुकली की अर्धा दिवस कापतात, असं ऐश्वर्यानं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. माझ्या गाडीबद्दल लोक माझ्याशी दया दाखवा अशा भाषेत का बोलतात?

१३ फेब्रुवारी
संकल्प: रोज दोन तास. नजर लांब. गुडघे टाकीला चिकटवून. पाराकडे बघणं बंद. सुशीलचा फोन उचलणं बंद.

१५ फेब्रुवारी
गुडघ्यामुळे सुट्टी. मनातल्या मनात आठचा आकडा काढला. उत्तम आला.

१९ फेब्रुवारी
ऐश्वर्या म्हणते, आंटी, एक महिना और रुक जाइए. मला महिना नाही. महिन्यातले नऊ दिवस आहेत. टेस्ट सोमवारी.

२४ फेब्रुवारी, दुपारी
टेस्ट झाली.

ह्यांचं हेल्मेट घालून गेले. आत अजून खोबरेल तेलाचा वास आहे. मोनाचीही टेस्ट आजच. तिला घेऊन चिंधूभाऊ आले होते. ती आधी गेली. दोन मिनिटांत परत.

मग मी. गाडी बंद पडली नाही, हे नोंदवून ठेवते. पहिला गोल अर्ध्यापर्यंत गेला. पाय एकदा टेकला, दोनदा टेकला, मग आठच्या आकड्यातून बाहेर पडून मी सरळ गेले. नजर लांब होती. ट्रॅक संपला, मैदान संपलं, पार्किंगची दोरी आली. दोरीनं थांबवलं. गाडी तिथेच आडवी झाली.

इन्स्पेक्टर धापा टाकत आला. चार वेळा "रुकिए" ओरडलो, म्हणाला. ऐश्वर्याही ओरडत होती म्हणे. मी हेल्मेट काढलं आणि त्याला चांगलं सुनावलं: या डब्यात माणसाला काही ऐकू येतं का? बाहेर तोफ उडाली तरी कळायचं नाही. इंजिन सुरू असताना मागून कोणी ओरडलेलं ऐकू कसं येणार?

चिंधूभाऊ गाडी उचलत होते. हसून, ह्यांचं नाव घेत म्हणाले, "हेच तर देवानंद सांगे, वहिनी. म्हणे, हेल्मेट घातलं का मले काहीच आयकू येत नाही. मोठी शांती वाटते."

मी विचारलं, मग चौतीस वर्षं मी मागून सांगत होते ते?

"ते खांद्यावरून समजे ना त्याले. तुमी खांदा दाबला का तो समजे, तुमाले भेव वाटून राहिलं. मंग हळू करे."

एवढं बोलून ते साडी गार्ड सरळ करायला लागले. वाकलं होतं.

२५ फेब्रुवारी
काही नाही.

२६ फेब्रुवारी
भाजी आणायला जातानासुद्धा.

२८ फेब्रुवारी
चिंधूभाऊ आणि मोना गाडी न्यायला आले. कागद दिले, दुसरी किल्ली दिली. हेल्मेट दिलं नाही. मोनाला नवीन घे म्हटलं, पूर्ण घे, तोंडासकट. तिनं आधीच घेतलं होतं. लाल.

जाताना म्हणाली, "काकू, बसा ना, एक चक्कर मारू." नको म्हणणार होते. साडीत होते.

एका बाजूनं बसले. पाय साडी गार्डवर. गेटपासून सुरुवात केली: आरसा बघ, इंडिकेटर दे, डावीकडे खड्डा. ती काही बोलली नाही. मग मीही बोलले नाही.

जुनवानीच्या वळणावर रस्ता रिकामा होता. मी खांदा दाबून पाहिला.

गाडी हळू झाली.