आक्कांकडचे शनिवार

१२ ऑक्टोबर

ती. आक्कांना नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्रच लिहायला बसले. आम्ही दोघं बरे आहोत. लेक नव्या घरात रुळली. तिसऱ्या मजल्यावर राहते आणि जिना असा उभा, की वर पोचेपर्यंत मी कशाला आले होते तेच विसरते. जावई शांत आहे. फार शांत माणसाचं मला जरा भय वाटतं, पण ते असो.

तुमचा गुडघा कसा आहे? हे म्हणतात, आता भिंत न धरता चालता. ऐकून बरं वाटलं. निवृत्तीनंतर यांचा पाय घरात टिकेल असं मला वाटलं होतं. लिफ्टच्या कंपनीत होते तोवर विमानाने गावोगाव लिफ्ट तपासत फिरले आणि घरी पाहुण्यासारखे आले. आता एक शनिवार सोडून दुसऱ्याला तुमच्याकडे येतात, तेही विमानानेच. म्हातारपणी भावंडांची माया वाढते म्हणतात. चांगलंच आहे.

फक्त एक सांगा, तुम्ही त्यांना एवढं काय खायला घालता? रात्री येतात ते 'आक्काने पोट फुटेस्तोवर जेवू घातलं' म्हणत. मी ठेवलेलं ताट तसंच उचलते. आणि मला म्हणून जी बिस्किटं पाठवता, ती एकेक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, ती कुठल्या दुकानातली? तुम्ही तर विकतच्या खाऊला नाकं मुरडायच्या. यांच्या हातांना येताना एक छान वास असतो. साबणाचाच असावा. बदललात का साबण?

बहिणीकडे जाताना बूट आरशासारखे चमकवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुमचा मान ठेवत असतील.

हो, आणि तुमच्या मागच्या दाराची कडी त्यांनी बसवून दिली म्हणे. नीट लागते ना? एकट्या राहता, म्हणून विचारलं.

तुमची,
भावजय


३० ऑक्टोबर

आक्का,

तुमचं पत्र मिळालं. साबण पूर्वीचाच, बिस्किटं कोपऱ्यावरच्या दुकानातली आणि कडी अगदी छान लागते, असं लिहिलंत.

कडीचं मी मनाने रचलं होतं. यांनी कधी कडीचं नावही काढलं नव्हतं.

रागवू नका. मला तरी दुसरा काय मार्ग होता? तुम्हाला फोन करायचा तर हे समोर बसलेले असतात. 'आक्काला कशाला त्रास देतेस' म्हणून फोन हातातून घेतात. पत्रात खरं विचारलं असतं तर तुम्हाला खरं उत्तर देणं भाग पडलं असतं आणि भावाला उघडं पाडावं लागलं असतं. तशी वेळ मी तुमच्यावर आणली नाही. तुम्ही आपण होऊन सापडलात.

आता मी सांगते, तुम्ही फक्त मान हलवा. हे तुमच्याकडे येत नाहीत. एकदाही आले नसतील. फोन करून म्हणाले असतील, 'आक्का, हिने विचारलं तर माझ्याकडे आला होता म्हण.' तुम्ही 'का' असं विचारलं नसणार, कारण उत्तर तुम्हाला ऐकायचं नव्हतं. जे तुमच्या मनात आलं तेच माझ्या मनात आहे. आपण दोघी लिहायचं टाळतोय एवढंच.

पाणी कुठेतरी मुरतंय हे मला कळत होतं. कुणाच्या घरात मुरतंय ते बघायचं आहे. परवाच्या शनिवारी हे निघतील. खालच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून मी त्याच विमानाचं तिकीट काढलंय, संध्याकाळच्या परतीसकट. तो म्हणाला, 'साहेबांच्या शेजारची सीट देऊ का?' मी म्हटलं, 'अगदी शेवटची दे.' त्याने माझ्याकडे असं बघितलं की उद्यापासून जिन्यात सगळे तसंच बघतील.

यांना कळवायचं असेल तर खुशाल कळवा. मग तेही मला कळेल.

भावजय


१७ नोव्हेंबर

ती. आक्का,

तुम्ही त्यांना कळवलं नाहीत. त्याबद्दल आधी नमस्कार, मग बाकीचं.

पत्राला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं. जे बघितलं ते सांगितलं तर तुम्हाला हसू येईल की वाईट वाटेल, ते मला अजून ठरवता येत नाही.

विमानतळावर हे कसे वागतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही माणसं तपासणीच्या नागमोडी रांगेत कमरेचे पट्टे काढून उभी. हे बाजूच्या मोकळ्या वाटेने गेले. सतत विमानाने फिरणाऱ्यांना कंपनी देते ते कार्ड दाखवलं, तिथली पोरगी हसली. मग दिसेनासे झाले. मी लोखंडी खुर्चीत तोंडाला मास्क लावून, डोळ्यांवर लेकीचा काळा चष्मा चढवून बसले होते. विमानात हे सगळ्यांत पुढे, खिडकीशी. मला त्यांच्या अंगावरूनच मागे जायचं होतं. यांनी मान वर केली नाही. पुढे बसणारे मागे जाणाऱ्यांकडे बघत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

उतरल्यावर गर्दीबरोबर बाहेर आले. टॅक्सीवाल्याला काय सांगायचं ते घोकून ठेवलं होतं, 'त्या पुढच्या गाडीच्या मागे घ्या.' बाई कशी असेल तेही ठरवलं होतं. साठीची असेल, केस रंगवलेली असेल, हसरी असेल. तिच्या दारात उभं राहून मी एकच वाक्य बोलणार होते. ते आता लिहीत नाही.

हे टॅक्सीकडे गेलेच नाहीत. डावीकडच्या सरकत्या जिन्याने वर गेले, परतीचं तिकीट दाखवलं आणि पुन्हा आत. मीही गेले. एका काचेच्या दारापाशी थांबले. कार्डवाल्यांसाठी असते ना, विमान सुटेपर्यंत बसायची आरामाची जागा, लाउंज म्हणतात, ती. दाराशी टेबलामागे एक मुलगी होती. हे आत गेल्यावर दार सरकून बंद झालं.

आता ती बाई आत असणार, मी म्हटलं. आत भेटत असतील.

मी थोडा वेळ समोर उभी राहिले. शेवटी मुलीने विचारलं, "मॅडम, कार्ड आहे?"

"माझं नाही. आत्ता जे गेले, त्यांचं आहे. मी त्यांची बायको."

ती उठून उभीच राहिली. "सरांच्या मिसेस? पण सर तर म्हणतात तुम्हाला विमानाची भीती वाटते, म्हणून कधी येत नाही."

"असं म्हणतात?"

"आम्ही नेहमी विचारतो ना, सर, कार्डावर एक पाहुणा चालतो, मॅडमना आणा. तर म्हणतात, ती जमिनीवरचीच माणूस आहे." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो. "आत या ना. सांगू का त्यांना?"

"नको. त्यांच्याबरोबर कोण असतं?"

"कोणी नाही. एकटेच बसतात कोपऱ्यात. पण सगळ्यांशी बोलतात."

तेवढ्यात कुणीतरी बाहेर आलं आणि दार सरकलं. आक्का, मी त्यांना पाहिलं. गुबगुबीत खुर्चीत बसले होते, मांडीवर ताटली. एक वेटर न सांगता कपात चहा ओतत होता आणि हे त्याला कसली तरी गोष्ट सांगत होते, बहुतेक लिफ्ट अडकल्याची. हात वर नेऊन, खाली आणून. वेटर हसला, मग हेही हसले. असे हसताना मी त्यांना घरी कधी पाहिलंय ते आठवायला लागले. दार बंद झालं.

बाई नव्हती. मी तिथल्या भिंतीला टेकले. हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगते, तुम्हालाच सांगते, बाई असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं. खुर्चीशी आणि चहाच्या कपाशी कसं भांडायचं?

येताना पुन्हा मी शेवटच्या रांगेत, हे पुढे. पुढचे आधी उतरतात. मी घरी पोचले तेव्हा हे आधीच येऊन बसले होते. टेबलावर ती कागदातली बिस्किटं.

"कुठे गेली होतीस?"

मी चपला काढल्या आणि म्हटलं, "आक्कांकडे."

दिवा लावलेला होता, त्यामुळे चेहरा नीट दिसला. मग म्हणाले, "कशी आहे ती?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही आजच जेवून आलात."

बिस्किटाचा कागद बोटांनी सपाट करत होते. म्हणाले, "डिसेंबर संपायच्या आत विमानाच्या ठरलेल्या फेऱ्या झाल्या की आणखी एक वर्ष राहील."

"काय राहील?"

"कार्ड. नाहीतर जातं. कंपनीच्या फिरतीमुळे होतं, आता फिरती नाही." मग खाली बघत, "तिथे गेलं की लोक उठून उभे राहतात. साहेब, नेहमीचंच आणू का, विचारतात. इथे दारावरचा रखवालदारसुद्धा मलाच 'त्या मॅडमच्या मिस्टरांचं कुरियर आलंय' म्हणून सांगतो. मला ओळखतच नाही."

"आणि मला विमानाची भीती कधीपासून वाटते?"

याचं उत्तर मीच ओळखलं. त्या खोलीत मला नेलं असतं तर ते फक्त 'हिचा नवरा' झाले असते. घरात जे आहेत तेच.

मी दुसरं विचारलं, "आक्कांचं घर विमानतळापासून किती लांब आहे?"

आणि हेच आहे, आक्का, जे मी आत्तापर्यंत लिहायचं टाळत होते. पहिल्या पत्रात मला माहीत नव्हतं, दुसऱ्या वेळी तिकिटावर वाचूनही लिहिलं नाही, आणि या पत्रात इतकी पानं घालवली. तुम्हाला वाटत असेल हे भलत्याच कुठल्या शहरात जात होते. नाही. तुमच्याच. हे खरोखरच तुमच्या गावी येत होते. तुम्ही त्यांच्यासाठी खोटं बोलत होतात, गुडघा धरून एकट्या बसल्या होतात, आणि हे तिथून अर्ध्या तासावर चहा पीत होते. तेवढा वेळ ती खुर्ची सुटेल म्हणून तुमच्या दारापर्यंत आले नाहीत.

माझा तो प्रश्न ऐकून मात्र ते रडले. मला त्या रडण्याचाही संशय आला, इतकी मी आता वाईट झाले आहे. कुणासाठी होतं ते मी विचारलं नाही.

या शनिवारी दोन तिकिटं काढली आहेत, शेजारशेजारची. हे म्हणाले, "तुला लाउंज दाखवतो." मी म्हटलं, "मला आक्का बघायच्या आहेत." 'बरं' म्हणाले. त्यांचं 'बरं' मी हल्ली नोटेसारखं उजेडात धरून बघते. परवा त्यांना हळूच कुणाला तरी फोनवर विचारताना ऐकलं, 'दुपारचंही परतीचं विमान असतं का?' तुमच्याकडून लवकर निघता यावं म्हणून विचारलं, की तुमच्याकडे यायलाच नको म्हणून, देव जाणे.

मी ठरवलंय. उतरल्यावर सरकता जिना डावीकडे, टॅक्सी उजवीकडे. मी उजवीकडे वळणार. मागे वळून बघायचं नाही असंही ठरवलंय, जमेल की नाही सांगता येत नाही.

स्वयंपाक तिघांचा करा. दोघीच असलो तर उरलेलं संध्याकाळी आपण खाऊ, मला परतीची घाई नाही.

तुमच्याकडे नक्की येणारी,
तुमची भावजय