दुसऱ्याच्या खुणेचा डबा

१८ जून
अखेर निघालो बाई! थोर्गिल्सशी वसंतात लग्न झालं, पण त्याच्या माणसांबरोबरचा हा माझा पहिलाच प्रवास. तो गाडी हाकतो आणि बेसूर गातो. शेजारी त्याची आई, ऑडनी, मांडीवर नकाशा पसरून. रस्ता एकच आहे, तरी सासूबाई प्रत्येक वळणाला 'डावीकडे घे' म्हणतात. मागे मी आणि इल्फा, थोर्गिल्सची सहा वर्षांची मुलगी. ती मला नावानंही हाक मारत नाही. मी शेजारी बसलेली असताना बापाला म्हणते, तिला सांगा खिडकी लाव.

दुपारी धबधब्यामागच्या वाटेनं गेलो, नखशिखांत भिजलो आणि गाडीत कुडकुडत सुकी मासळी लोणी लावून खाल्ली. इल्फानं माझ्या हातातला तुकडा घेतला. तोंड वाकडं करून, पण घेतला. या पोरीनं एकदा मला आई म्हणावं, बाकी मला काही नको.

१९ जून
दिवसभर काळ्या लाव्ह्यातून रस्ता. मुक्काम सरोवराकाठी. इथली जमीन एवढी तापलेली, की बाया पिठाचा डबा पुरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाव काढतात. सासूबाईंनीही काकवी घालून पीठ मळलं, डबा पुरला, वर खुणेचा दगड ठेवला. ज्याचा दगड त्याचा डबा. दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी नेमकी एका ऊन जागी बसले आणि बोंबलत उठले. इल्फा खो-खो हसली. माझं भाजणं सार्थकी लागलं.

२० जून
थोर्गिल्सनं घोळ घातला. पावसानं दगड घरंगळले होते. त्यानं अंदाजानं उकरलं, तर बिडाचा गंजका डबा निघाला. सासूबाई म्हणाल्या, "हा आपला नव्हे. आहे तसा ठेव." तो म्हणाला, पोटाला काय कळतंय कुणाचा ते. पाव काळाभोर, गोड, इतका सुरेख की आम्ही तिघांनी उभ्या उभ्या फस्त केला. सासूबाईंनी चवही घेतली नाही. रिकामा डबा त्यानं लाव्ह्याच्या भेगेत भिरकावला.

तेव्हा मात्र त्या रडल्या. चुकून दुसऱ्याचा काढला, तर त्याच डब्यात आपलं पीठ भरून तिथंच पुरायचं असतं, हे त्यांनी याला लहानपणीच शिकवलं होतं म्हणे. आम्ही हसलो. मीसुद्धा.

२१ जून
सकाळपासून रस्त्याच्या कडेला एक बाई. प्रत्येक वळणावर तीच. राखेनं माखलेली, काखेत तो बिडाचा डबा, हातात फावडं. थोर्गिल्स वैतागून उतरला, काय हवंय ते विचारतो म्हणाला. तिनं आधी त्याचं तोंड हुंगलं. मग फावड्यानं जबडा फोडला. तो पडल्यावर म्हणाली, "माझा पाव कुठाय?" आणि त्याचं पोट उकरलं, जमीन उकरावी तसं.

मी इल्फाचे डोळे झाकले. कान झाकायला हात उरले नाहीत. सासूबाई काठी घेऊन धावल्या. बाईनं त्यांचंही तोंड हुंगलं आणि त्यांना नुसतं बाजूला ढकललं. थोर्गिल्समधून काहीतरी काळं, वाफाळतं काढून तिनं डब्यात ठेवलं. माझा नवरा गेला. आता ती आमच्याकडे बघतेय.

२१ जून, गाडीत
सासूबाई गाडी चालवतायत. बाई मागून येतेय. चालत. तरी अंतर वाढत नाही —

इल्फाच्या तोंडाला त्या पावाचा गोड वास. तिच्या घशात बोटं घातली. चावली, हाडापर्यंत. किंचाळली, तू माझी आई नाहीस. पुन्हा घातली. पाव पडला बाहेर — काळा, गरम, आत्ता भाजल्यासारखा. खिडकीतून फेकला. बाईनं उचलून डब्यात टाकला. इल्फा सुटली.

माझा येत नाही. नुसतं रक्त —

नदीकाठी
मी उतरले. मी गाडीत असेपर्यंत ती गाडीमागं येणार. सासूबाईंना म्हटलं, नदी ओलांडा, मागं बघू नका. पूल नाही, खाली लगेच धबधबा. पाणी खिडकीपर्यंत — पोचली. गाडी पलीकडे पोचली.

तंबूच्या हातोडीनं तिच्या कपाळात घाव घातला. राख पडली फक्त. तिनं माझा उजवा हात मोडला. खडकाच्या फटीत शिरलेय. डाव्यानं लिहितेय. फावडं दगडावर आपटतंय. मला मरायचं नाहीये —

पलीकडे दार उघडलं. इल्फा. पाण्यात उतरतेय. माझ्याकडे हात करून हाक मारतेय, आई, आई —

नको गं. खाली धबधबा आहे. ऐक, मी नाही तुझी आई, मी तुझी कुणी नाही, मागं हो, मागं —